शंभर टक्के मुलं हुशार करण्याचा कायदा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी मजकूर ऐकलात तसाच आहे.)

आजचा विषय शाळेचा आहे, पण सुरुवात माझ्या ऑफिसातून करतो.

माझी पहिली नोकरी. आमच्या टीमला एक टार्गेट आलं: तिमाही संपायच्या आत कोड कव्हरेज ८० टक्के पाहिजे. जे या फील्डमधले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपण जो प्रोग्रॅम लिहितो तो नीट चालतो का हे तपासायला आपणच छोटे छोटे टेस्ट लिहितो. त्या टेस्टनी तुमच्या कोडच्या किती ओळी चालवून बघितल्या, त्याची टक्केवारी म्हणजे कव्हरेज. आम्ही तेव्हा ४० च्या आसपास होतो आणि हातात सहा आठवडे होते.

मग आम्ही काय केलं? टेस्ट लिहिले, भरपूर लिहिले. फक्त त्यातले अर्धे टेस्ट काहीच तपासत नव्हते. फंक्शन चालवायचं, उत्तर काय आलं ते बघायचंच नाही, पुढे जायचं. ओळ 'चालली' म्हणून आकड्यात धरली जाते. तिमाहीच्या शेवटी डॅशबोर्ड हिरवागार, आकडा ८३. मॅनेजरने पिझ्झा मागवला. दोन आठवड्यांनी बिलिंगमध्ये मोठा घोळ झाला, आणि तो ज्या फाइलमध्ये होता तिचं कव्हरेज ९० च्या वर होतं. ते टेस्ट मीच लिहिले होते.

हे आत्ता आठवायचं कारण माझी आई. ती बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "अरे, तुझ्या त्या पॉडकास्टवर एवढं सगळं सांगत असतोस, तर मला एक सांग. वर्गातल्या पोरांच्या मार्कांवरून मास्तर कसा आहे हे ठरवता येतं का?" मी म्हटलं, वाचून सांगतो. आणि वाचायला बसलो तर कळलं, की हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून बघितलाय. तेरा-चौदा वर्षं, कोट्यवधी मुलांवर. त्या कायद्याचं नाव 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड', म्हणजे एकही मूल मागे राहता कामा नये.

कायदा आला कुठून

अमेरिकेत शाळा हा मुळात राज्यांचा आणि गावोगावच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा विषय. दिल्लीसारखं वॉशिंग्टनहून काही ठरत नाही. केंद्र सरकारचा हात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर शिरला तो १९६५ साली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्रातून पैसा द्यायचा कायदा केला. पैसा जायला लागला, पण त्या पैशातून मुलं शिकली का, हा प्रश्न कुणी फारसा कडकपणे विचारत नव्हतं. १९८३ साली सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा एक खळबळजनक अहवाल आला, की आपलं शालेय शिक्षण घसरतंय आणि देश धोक्यात आहे. तिथून 'शाळांना जाब विचारा' ही भाषा सुरू झाली.

मग आले जॉर्ज डब्ल्यू. बुश. ते टेक्सासचे गव्हर्नर असताना तिथे परीक्षांवरून शाळांना ग्रेड द्यायची पद्धत जोरात होती आणि निकाल चढताना दिसत होते. तेच मॉडेल देशभर न्यायचं ठरलं. ८ जानेवारी २००२ ला ओहायोमधल्या हॅमिल्टन गावातल्या एका हायस्कूलमध्ये बुश यांनी कायद्यावर सही केली. शेजारी होते डेमोक्रॅटिक पक्षाचे टेड केनेडी. हाऊसमध्ये ३८१ विरुद्ध ४१, सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १०. आजच्या अमेरिकेत असं मतदान बघायला मिळेल का?

दोन्ही पक्ष एकत्र आले याला कारण होतं, आणि ते कारण मला आजही पटतं. समजा एका शाळेत ४०० मुलं आहेत आणि शाळेची सरासरी ७२ टक्के आहे. छान शाळा! पण त्यात ३२० मुलं सुखवस्तू घरातली आहेत आणि त्यांची सरासरी ८० आहे. उरलेली ८० मुलं गरीब, कृष्णवर्णीय किंवा घरी स्पॅनिश बोलणारी आहेत, आणि त्यांची सरासरी आहे ४०. सरासरीच्या मागे ही ८० मुलं गायब होतात. वर्षानुवर्षं झालेली होती. नवा कायदा म्हणाला, की प्रत्येक गटाचा निकाल वेगळा छापा. वंशानुसार वेगळा, गरीब मुलांचा वेगळा, अपंग मुलांचा वेगळा, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचा वेगळा. आणि यातला एकही गट मागे राहिला तर शाळा नापास.

म्हणजे हेतू चांगला होता. हे डोक्यात ठेवा, कारण पुढे जे ऐकाल त्यावरून वाटेल की कुणीतरी मुद्दाम वाईट कायदा केला.

नियम, प्रोग्रॅमरच्या नजरेने

तिसरी ते आठवी, दरवर्षी वाचन आणि गणिताची प्रमाणित परीक्षा. हायस्कूलमध्ये एकदा. पुढे विज्ञानही आलं, पण अधूनमधून. परीक्षेत मूल 'प्रोफिशियंट' ठरतं किंवा ठरत नाही. प्रोफिशियंट म्हणजे त्या इयत्तेला जेवढं यायला हवं तेवढं येणारं.

शाळेने दरवर्षी 'पुरेशी वार्षिक प्रगती' दाखवायची. त्यासाठी एकूण मुलांपैकी ठरावीक टक्के मुलं प्रोफिशियंट हवीत, आणि प्रत्येक गटातलीही तेवढीच टक्के हवीत. शिवाय प्रत्येक गटातली ९५ टक्के मुलं परीक्षेला बसलेली हवीत, म्हणजे कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवता येणार नाही.

आता गंमत बघा. एखाद्या शाळेत सहा गट असतील तर सगळी मुलं मिळून सात. गुणिले दोन विषय, गुणिले निकाल आणि उपस्थिती अशा दोन अटी. सात दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस. या अठ्ठावीस अटी 'आणि'ने जोडलेल्या आहेत. सत्तावीस पूर्ण आणि एक चुकली तर बिल्ड लाल. थोडी सवलत होती, नापास मुलांचं प्रमाण एका वर्षात १० टक्क्यांनी कमी केलं तर त्या गटाला माफी. पण मूळ रचना अशीच. ज्या शाळेत जितकी वेगवेगळी मुलं, तितक्या तिच्या अटी जास्त. सगळी एकाच प्रकारची मुलं असलेल्या शाळेला सोपं, मिश्र शाळेला अवघड.

शिक्षा पायरीपायरीने. केंद्राचा पैसा घेणारी शाळा लागोपाठ दोन वर्षं चुकली तर 'सुधारणा आवश्यक' असा शिक्का, आणि पालकांना मूल दुसऱ्या शाळेत न्यायची मुभा. तिसऱ्या वर्षी शाळेच्या खर्चाने बाहेरची शिकवणी. पुढे अभ्यासक्रम किंवा कर्मचारी बदलणं. पाच-सहा वर्षांनंतर शाळेची पुनर्रचना: मुख्याध्यापक जाणार, शिक्षक जाणार, किंवा शाळा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात.

आणि शेवटचं टार्गेट होतं २०१४ पर्यंत १०० टक्के मुलं प्रोफिशियंट. नव्वद नाही, पंच्याण्णव नाही. शंभर. नावातच 'एकही मूल' असल्यावर नव्व्याण्णव म्हणायची सोय कुणाला?

एक गोष्ट मात्र राज्यांवर सोडली. परीक्षा कोणती आणि पास व्हायला किती मार्क, हे प्रत्येक राज्याने आपलं आपण ठरवायचं. मंडळी, जो पास झाला नाही तर शिक्षा, त्याच्याच हातात पेपरही आणि पासिंगची रेषाही. माझ्यासारखा बिनतपासणीचे टेस्ट लिहिणारा माणूस हे वाचून लगेच ओळखतो की पुढे काय होणार.

मग पळवाटा सापडल्या

पहिली पळवाट, रेषा खाली आणणं. अमेरिकेत 'नेप' नावाची एक राष्ट्रीय चाचणी १९६९ पासून होते. देशभरातल्या निवडक मुलांचा नमुना घेऊन. २००५ साली मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या परीक्षेत चौथीची सुमारे ८९ टक्के मुलं वाचनात प्रोफिशियंट होती. त्याच राज्यातली, त्याच इयत्तेची, त्याच वर्षीची मुलं नेपमध्ये? सुमारे १८ टक्के. नेपची पातळी कडक असते हे खरं, तिथे प्रोफिशियंट म्हणजे नुसतं काठावर पास नाही. पण मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने स्वतःची रेषा नेपच्या जवळपास ठेवली होती, म्हणजे तसं करता येत होतं. ज्याने प्रामाणिक पेपर काढला त्याच्याच शाळा जास्त नापास दिसणार, असा तो उलटा हिशोब.

दुसरी पळवाट, काठावरची मुलं. शाळेला गुण मिळतात ते रेषा ओलांडणाऱ्या मुलांमुळे. मग कुणावर मेहनत घ्यायची? जी मुलं आरामात पास होणार, त्यांच्यावर वेळ घालवून आकडा हलत नाही. जी फारच मागे आहेत तीही यंदा पास होणार नाहीत. उरली काठावरची, दोन-चार मार्कांनी लटकलेली. त्यांना तिथे 'बबल किड्स' म्हणायचे. जेनिफर बूहर-जेनिंग्स या अभ्यासिकेने टेक्सासमधल्या एका शाळेत हे जवळून बघून २००५ साली लिहिलं. युद्धात जखमींची वर्गवारी करतात तशी तिथे मुलांची वर्गवारी होत होती. पुढे शिकागोच्या आकडेवारीवर डेरेक नील आणि डायन शान्झेनबाख यांनी काम केलं. तिथेही मधल्या मुलांचे मार्क वाढलेले दिसले, सगळ्यात तळाच्या मुलांना मात्र फायदा दिसला नाही. ज्यांच्या नावाने कायदा केला तीच मुलं परत मागे.

तिसरी, जे मोजत नाहीत ते कमी करा. २००७ च्या एका पाहणीत ४४ टक्के डिस्ट्रिक्टनी मान्य केलं, की प्राथमिक शाळांत वाचन-गणिताला वेळ देण्यासाठी बाकीच्यातला वेळ कापला. बाकीचं म्हणजे विज्ञान, समाजशास्त्र, चित्रकला, संगीत, खेळ, आणि चक्क मधली सुट्टीसुद्धा.

चौथी पळवाट कागदावरची. एखाद्या गटात मुलं फार कमी असतील तर त्या गटाचा निकाल वेगळा धरायचा नाही, असा नियम होता. आकडेशास्त्राने तो बरोबरच आहे, पाच मुलांच्या टक्केवारीला काय अर्थ? पण 'कमी' म्हणजे किती हे परत राज्यांनी ठरवायचं. कुणी ३० म्हणालं, कुणी त्याहून जास्त. २००६ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हिशोब मांडला, तेव्हा जवळजवळ २० लाख मुलांचे मार्क गटवार हिशोबात धरलेच जात नव्हते. त्यात अल्पसंख्याक मुलं खूप जास्त होती. म्हणजे सरासरीच्या मागे लपलेली मुलं बाहेर काढायला कायदा आणला, आणि ती 'गट लहान आहे' या ओळीमागे पुन्हा लपली.

अटलांटाचे खोडरबर

आता ज्या गोष्टीने मला झोप लागू दिली नाही ती सांगतो.

जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर. तिथल्या शाळांच्या प्रमुख होत्या बेव्हर्ली हॉल. गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा, आणि निकाल वर्षागणिक वर. २००९ साली त्यांना देशातल्या सर्वोत्कृष्ट शाळाप्रमुखाचा पुरस्कार मिळाला. अटलांटाने कायद्याच्या वर स्वतःची आणखी टार्गेट्स ठेवली होती. ती पूर्ण झाली तर बोनस, नाहीतर नोकरीवर टांगती तलवार.

परीक्षा पेन्सिलने गोल भरायची होती, आपल्याकडे स्कॉलरशिपच्या परीक्षेत ओएमआर शीट असते तशी. मशीन ती शीट वाचतं तेव्हा खोडलेल्या गोलाची पुसट खूणही त्याला दिसते. मूल एखादं उत्तर खोडून दुसरं लिहितंच. पण साधारणपणे चुकीचं खोडून बरोबर, बरोबर खोडून चुकीचं, चुकीचं खोडून दुसरं चुकीचं, असं सगळंच थोडं थोडं होतं. एका अख्ख्या वर्गात जवळजवळ सगळी खाडाखोड 'चूक ते बरोबर' याच दिशेने असेल, आणि तीही राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पट, तर ते मुलांचं काम नाही. २००९ च्या परीक्षेच्या शीटवर राज्याने हे गणित चालवलं आणि अटलांटाचे वर्गच्या वर्ग झळकले. त्याआधी तिथल्या वर्तमानपत्रानेही निकालांतल्या अशक्य उड्यांवर बोट ठेवलं होतं.

२०११ च्या जुलैमध्ये राज्याच्या चौकशीचा अहवाल आला. ५६ शाळा तपासल्या, ४४ मध्ये गैरप्रकार. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले, त्यातल्या ऐंशीहून जास्त जणांनी कबुली दिली. २०१३ मध्ये ३५ जणांवर आरोप ठेवले गेले, आणि कलम लावलं ते संघटित गुन्हेगारीचं, जे माफियांसाठी बनवलं होतं. बऱ्याच जणांनी गुन्हा कबूल केला. शेवटी १२ जणांवर खटला चालला आणि एप्रिल २०१५ मध्ये ११ दोषी ठरले. बेव्हर्ली हॉल यांनी शेवटपर्यंत आरोप नाकारले. आजारपणामुळे त्यांच्यावर खटला चाललाच नाही आणि निकालाच्या काही आठवडे आधी त्या वारल्या.

शिक्षकांना बेड्या घातलेले फोटो जगभर गेले. पण मी विचार करत राहिलो तो मुलांचा. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, त्याची शीट कुणीतरी दुरुस्त केली. कागदावर तो प्रोफिशियंट झाला. त्यामुळे त्याला जादा शिकवणी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, कारण कागद म्हणतो त्याला गरजच नाही. पुढच्या वर्गातल्या बाईंनाही कळलं नाही. परीक्षा ज्याला शोधायला बनवली होती त्यालाच तिने लपवलं.

माझ्या त्या बिलिंगच्या फाइलसारखं. आकडा ९० होता म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही.

मग सगळं फुकट गेलं का?

नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. इंटरनेटवर तुम्हाला 'टेस्टिंग वाईट' असे व्हिडिओ पोत्याने मिळतील.

थॉमस डी आणि ब्रायन जेकब या दोघांनी नेपचे आकडे वापरून अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत आधीपासून अशी पद्धत होती आणि ज्यांच्यावर ती या कायद्यानेच आली, त्यांची तुलना केली. निष्कर्ष: चौथीच्या गणितात खरी, चांगली वाढ. वाचनात मात्र वाढीचा पुरावा नाही. याचं एक कारण असं सांगतात, की गणित मूल बहुतेक शाळेतच शिकतं, तर वाचन घरातल्या गप्पा, पुस्तकं, शब्दसंग्रह या सगळ्यावर उभं असतं. घोकंपट्टीने ते एका वर्षात हलत नाही.

दुसरं, ते गटवार आकडे. एकदा छापायला लागल्यावर 'आमच्याकडे तसं काही नाही हो' असं म्हणायची सोय गेली. म्हणूनच २०१५ मध्ये कायदा बदलायची वेळ आली तेव्हा नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कितीतरी संघटनांनी मागणी केली, की वार्षिक परीक्षा काढू नका. परीक्षा गेली तर आमची मुलं पुन्हा दिसेनाशी होतील.

तोवर कायदा स्वतःच्याच गणिताखाली दबला होता. रेषा दरवर्षी वर सरकत शंभराकडे चालली होती. २०११ मध्ये देशातल्या जवळजवळ निम्म्या, ४८ टक्के शाळा 'प्रगती अपुरी' या यादीत होत्या. निम्मा वर्ग नापास झाला की आपण पेपरकडे बघतो ना? ओबामा सरकारने राज्यांना सवलती द्यायला सुरुवात केली आणि चाळीसहून जास्त राज्यांनी त्या घेतल्या. १० डिसेंबर २०१५ ला नवा कायदा आला. तिसरी ते आठवीच्या परीक्षा राहिल्या, गटवार निकाल राहिले. शंभर टक्क्यांचं टार्गेट गेलं, आणि कमी पडणाऱ्या शाळेचं काय करायचं हे बरंचसं राज्यांकडे परत गेलं. २०१४ साल आलं आणि गेलं, एकाही राज्यात सगळी मुलं प्रोफिशियंट झाली नाहीत.

ताप मोजणं आणि तापाबद्दल दंड करणं

डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच याबद्दल सांगून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत: एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय लटकवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होईल, आणि तो जे काम मोजतो ते कामही बिघडवेल.

थर्मामीटर घ्या. घरात कुणाला ताप आहे का बघायला तो उत्तम. पण उद्या नियम केला, की ज्याच्या घरी ताप १०० च्या वर त्याला दंड, तर लोक काय करतील? थर्मामीटर गार पाण्यात बुडवून आणतील. ताप तसाच, आणि आता डॉक्टरलाही खरा आकडा कळणार नाही.

नेपची चाचणी आजही लोक मानतात, कारण ती थर्मामीटरच राहिली. नमुना घेऊन होते, एका मुलाला सगळा पेपर येत नाही, मुलाचा किंवा शाळेचा निकाल जाहीर होत नाही. त्यात फसवून कुणाला काही मिळतच नाही. मिसिसिपीचा ८९ खरा नव्हता हे कळलं ते तिच्यामुळे.

आपल्याकडेही अशा चाचण्या आहेत. 'असर' ही पाहणी २००५ पासून आहे, स्वयंसेवक गावात घरोघर जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. घरी जातात म्हणून शाळेला तयारी करून घ्यायची संधीच नाही. सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे. त्याचंच नवं रूप 'परख'ने ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेतलं. हे सगळे नमुने आहेत, थर्मामीटर आहेत. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिसरी, पाचवी आणि आठवीला सगळ्याच मुलांच्या परीक्षेची शिफारस आहे. धोरण म्हणतं, निकाल फक्त सुधारणेसाठी वापरायचे, मुलांची नावं न देता शाळेचा एकूण निकाल मात्र जाहीर करायचा. इथे माझे कान टवकारतात. एकदा शाळेचा आकडा जाहीर झाला, की त्याची यादी बनायला, यादीचा बॅनर बनायला आणि बॅनरवरून बदल्या-बढत्यांची चर्चा सुरू व्हायला किती दिवस लागतील? दहावीच्या निकालाचं आपण काय करून ठेवलंय ते बघा की.

आईला काय सांगितलं

हे सगळं वाचून मी आईला फोन केला. अटलांटाची गोष्ट सांगितली. ती गप्प बसली, मग म्हणाली, "त्या बायांनी चूकच केलं. पण वरून कसा फोन येत असेल ते मला कळतं."

मग तिने तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगितलं. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर मुलगी त्यांच्याबरोबर कारखान्यावर, परत येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. जूनमध्ये तिला जोडाक्षरं येत नव्हती. दिवाळीपर्यंत बोट ठेवून, अडखळत, उतारा वाचायला लागली. परत आली तेव्हा निम्मं विसरलेली. "आता ही वार्षिक परीक्षेत पडणार. हे मार्क कोणाचे रे? तिचे, माझे, का कारखान्याचे?"

मी तिला अमेरिकेचा नियम सांगितला. तिथे जे मूल वर्षभर त्या शाळेत नव्हतं त्याचे मार्क शाळेच्या हिशोबात धरत नसत. शिक्षकावर अन्याय नको म्हणून.

"म्हणजे मी सुटले," आई म्हणाली. "आणि ती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजलं तर आईला दोष, नाही मोजलं तर मुलगी कुठल्याच शाळेच्या खात्यावर नाही. माझं आजचं मत एवढंच, की तिला मोजलंच पाहिजे, पण त्या आकड्यावरून आधी तिच्यासाठी काय पाठवायचं ते ठरावं. हंगामी वसतिगृह असेल, जादा शिक्षक असेल, कारखान्यावरचा वर्ग असेल. शिक्षकाला जाब विचारायचा तर वर्गात जाऊन, तास बघून, जूनमध्ये मूल कुठे होतं आणि आता कुठे आहे ते बघून विचारा. नुसत्या रेषेच्या वर की खाली यावरून नको. हे महाग आहे, वेळखाऊ आहे, डॅशबोर्डवर छान दिसत नाही. मान्य.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही नव्या परीक्षेची बातमी आली की तीन गोष्टी विचारा. पेपर कोण काढतंय आणि पासिंगची रेषा कोण ठरवतंय? आकडा वाईट आला तर मदत जाणार की नोटीस? आणि हिशोबातून कोणती मुलं वगळली आहेत?

जाता जाता, माझ्या आताच्या टीममध्ये कव्हरेज आम्ही बघतो, पण त्याचं टार्गेट नाही. बग आला की बसून शोधतो, हा पकडणारा टेस्ट कुठे असायला हवा होता. आकडा सध्या ६४ आहे. पिझ्झा काही मिळत नाही!

तुमच्या शाळेत परीक्षेआधी काय काय चालायचं? तुम्ही शिक्षक असाल, किंवा तुमच्या घरात कुणी शिक्षक असेल, तर त्यांच्या आवाजात एक व्हॉइस नोट नक्की पाठवा. शाळेचं नाव नको, गोष्ट चालेल. चला, भेटू पुढच्या भागात.